एका सुराची चाकरी

बेल वाजली तेव्हा नॉइज कंट्रोलवाले आले असणार, असंच मला वाटलं. गणपती आठ दिवसांवर आले होते. ऑकलंडच्या अल्बनी भागातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या गराजमध्ये मी पेटी घेऊन आरत्यांचा सराव करत बसले होते. या देशात शेजाऱ्याला तुमचा आवाज नको झाला, तर तो तुमच्याशी भांडायला येत नाही, सरळ कौन्सिलला फोन करतो. भांडण परवडलं, त्यात निदान ओळख तरी होते. चार खणखणीत वाक्यं मनात जुळवूनच मी दार उघडलं.

दारात शेजारचे म्हातारे गृहस्थ उभे होते. उंच, मोठ्या नाकाचे, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि दोन घरांमधलं वीस पावलांचं अंतर चालून चांगलेच धापा टाकत होते. चौकटीला हात टेकून ते बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मी पाणी विचारलं, तर त्यांनी नको अशी मान हलवली. मग दर दोन-तीन शब्दांनंतर थांबत इंग्रजीत विचारलं, की मघाशी तू एक सूर धरून ठेवला होतास, तो किती वेळ धरता येतो?

मी म्हटलं, हात दुखेपर्यंत.

ते म्हणाले, मग उद्या आमच्याकडे ये आणि माझ्या बायकोला ऐकव. आणि आले तसे कुंपणाला धरून धरून परत गेले.

ते दोघं आर्मेनियाचे. आमच्या घरात पुढे त्यांना काका-काकू हेच नाव पडलं, कारण त्यांची खरी नावं म्हणताना माझ्या नवऱ्याची जीभ अडखळायची. मुलीनं बोलावलं म्हणून दोघं ऑकलंडला आले, आणि चार वर्षांत मुलगीच सिडनीला निघून गेली. इथे बऱ्याच जणांचं असंच होतं. न्यूझीलंड हा अनेकांचा ऑस्ट्रेलियाच्या वाटेवरचा थांबा असतो. बोलावणारे पुढे जातात आणि आलेले तिथेच राहतात.

काकू पियानो वाजवायच्या, स्वतः रचायच्या. वाजवायच्या ते जाझ, पण त्याच्या पोटात त्यांच्या डोंगरातली जुनी गाणी असायची. नांगर धरलेला माणूस बैलांना हाका मारत म्हणतो, तसलं एक गाणं त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं होतं. डावा हात असा ठेका धरायचा, की मोजायला जावं तर दर वेळी एक मात्रा जास्त निघावी. उजवा हात ते हाका मारणं म्हणायचा. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधला सूर पियानोत नसतो. तिथे काकू शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबायच्या आणि एक पटकन सोडून द्यायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कंठातली हरकत लाकडातून काढलेली होती त्यांनी.

त्यांच्या मुलखात जर्दाळूच्या लाकडाचं एक वाद्य असतं, दुदुक. आपल्या सनईचं शांत स्वभावाचं भावंड म्हणा. ते जोडीनं वाजवतात. एक जण गाणं वाजवतो, दुसरा शेजारी बसून फक्त एक सूर धरून ठेवतो. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, तो सूर तुटू देत नाही. त्या धरलेल्या सुराला ते दम म्हणतात. काकूंनी गाणं पियानोवर आणलं, पण दम काही पियानोवर येईना, कारण पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. म्हणून एकतीस वर्षं काकांनी त्यांच्या शेजारी बसून दुदुकवर तो एक सूर धरला. मोठमोठ्या शहरांत जाऊन धरला. आता त्यांची फुप्फुसं आखडत चालली होती. जिना चढणं राहिलं बाजूला, वाढदिवसाची मेणबत्तीसुद्धा विझत नव्हती. काकूंनी सात महिने पियानो उघडलेला नव्हता.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि माझं पहिलं उत्तर आयटीवालीचं होतं. मी म्हटलं, यासाठी अॅप असतं. माझ्या फोनवर तानपुरा आहे, कुठलीही पट्टी लावा, बॅटरी संपेपर्यंत वाजतो.

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पुण्यातल्या माझ्या गाण्याच्या बाई घसा खाकरणाऱ्या मुलीकडे पाहायच्या.

'मशीनला मी कुठे निघाले ते कळत नाही,' त्या म्हणाल्या.

मग मी पेटी मांडली. काकूंचं गाणं पांढरी दोनमध्ये होतं. पेटीवाले पट्टीला नाव देत नाहीत, रंग आणि नंबर सांगतात. मी पांढरी दोन दाबली आणि सवयीनं वरचा पंचमही लावला. त्यांनी हात वर केला. एकच सूर. मी एकच धरला. मिनिटभरानं माझं दुसरं बोट आपोआप हललं आणि एक मुरकी निघाली. त्यांनी पुन्हा हात वर केला. अर्ध्या तासात तो हात अकरा वेळा वर झाला.

माझ्या स्वभावातच हे बसत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे, आणि बोटांनाही. गाणं आठ वर्षं शिकून सोडलं. तबला दोन वर्षं, कथक एक पावसाळा. इथे आल्यावर नऊ वर्षांत सँडरिंगहॅम, माउंट वेलिंग्टन, अल्बनी अशी तीन घरं झाली आणि चार नोकऱ्या. आई फोनवर म्हणायची, एक ना धड भाराभर चिंध्या. गादीवर बसले, की मला उठावंसं वाटतं, आणि उठले, की आता कुठे जायचं हा प्रश्न पडतो. अशा बाईला म्हाताऱ्यांनी शोधून काढलं होतं, एक पट्टी दाबून बसायला. लेक पंधरा वर्षांचा, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. त्यानं माझी कटकट ऐकली आणि म्हणाला, 'आई, इट्स लिटरली वन नोट.'

तरी मी जात राहिले. मंगळवारी मी घरून काम करायचे. दुपारी एक वाजता लॅपटॉपवरचा, मी कामावर हजर आहे असं दाखवणारा ठिपका तसाच हिरवा ठेवायचा, पेटी उचलायची आणि शेजारी जायचं. का जात होते, ते सांगते. पहिल्या दिवशी निघताना काका फाटकापर्यंत सोडायला आले होते. ती वीस पावलं, म्हणजे त्यांना पाच मिनिटं. ते म्हणाले, ती मला म्हणते, तुझा दम संपला तर माझं वाजवणं संपलं. माझा तर संपणारच आहे. तिचं संपता कामा नये. दोन महिन्यांनी एक कार्यक्रम ठरवलाय, तिला न विचारता. तो तिनं माझ्याशिवाय केला पाहिजे. तू तिच्याबरोबर राहशील ना?

मी हो म्हटलं. आणि त्याच आठवड्यात ब्रिस्बेनच्या एका कंपनीशी माझी दुसरी मुलाखत झाली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, अजून नक्की कुठे आहे. पंधरा दिवसांनी नक्की झालं, तेव्हा म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे. त्यांची एक मुलगी पुढे निघून गेलेली, आणि आता मी. चोराच्या मनात चांदणं. काकूंनी केक पुढे केला, तरी मला वाटायचं यांना कळलंय.

बोटं महिन्याभरात गप्प बसली. मग खरी अडचण पुढे आली, आणि ती माझी एकटीची नव्हती, माझ्या सगळ्या शिकण्याची होती. गाण्याच्या मध्यावर काकू मुक्काम हलवायच्या. पांढरी दोनचं घर सोडून सगळं गाणं पांढरी तीनवर जायचं, आणि दमानंही त्याच क्षणी तिकडे जायचं. हा क्षण ठरलेला नसायचा. कधी तीन फेऱ्यांनी, कधी नऊ. मनात येईल तेव्हा त्या निघायच्या. बोट फक्त एक इंच सरकवायचं होतं आणि ते माझ्यानं होत नव्हतं.

आपल्याकडे षड्ज हलत नाही. सगळा राग हिंडून येतो, पण सा जिथे आहे तिथे असतो. बाईंनी मला सहा महिने नुसता सा लावायला बसवलं होतं, आणि सगळं सोडलं तरी तेवढं एक माझ्या अंगात राहिलं होतं. आयुष्यात जी एकच गोष्ट मला धरून ठेवता येत होती, तीच नेमकी इथे सोडायची होती. काकू पुढे निघाल्या, की माझं बोट जास्तच घट्ट व्हायचं. दोन सूर एकमेकांवर घासायचे, काकू थांबायच्या. एकदा वैतागून म्हणाल्या, तुम्ही लोक देश सोडता आणि हे सोडत नाही. मलाही राग आला. म्हटलं, तुम्ही तरी कुठे सोडलंय काही?

मग काकांनी युक्ती सांगितली. ते खिडकीशी खुर्चीत बसून असायचे, गुडघ्यावर शाल. म्हणाले, हाताकडे बघू नकोस, पायाकडे बघ. निघायच्या आधी ती पेडलवरचा उजवा पाय उचलते, जुना सूर पुसायला. तो पाय क्षणभर हवेत राहतो. तेव्हा सरक. मी पाहिलं, खरंच होतं. काकू घरात ट्रॅक पँट आणि लोकरी मोजे घालून वाजवायच्या. निळा मोजा वर गेला, की मी पांढरी तीन. मुळीच चुकेना. तीन मंगळवार सलग जमलं आणि काकूंनी पहिल्यांदा मला 'स्वीट ॲज' म्हटलं, म्हणजे एकदम झकास, इथल्या पोरांसारखं. मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

कार्यक्रम रविवारी दुपारी, सँडरिंगहॅमच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या हॉलमध्ये होता. मेन रोडवर मिठाई आणि किराणा घ्यायला आलेल्यांच्या गाड्या, पार्किंग मिळेना. पेटी उचलून मी दोन चौक चालले. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं. काही आर्मेनियन, काही जाझवाले, आणि मी वाजवणार म्हणून आमच्या मराठी मंडळातले दहा-बारा, जे समोसे खाऊन आले होते. काका पहिल्या रांगेत, शेजारी ऑक्सिजनचं छोटं नळकांडं.

आणि काकू आल्या. काळा रेशमी पायघोळ झगा, पार जमिनीवर लोळणारा. कार्यक्रमाचा झगा. एकतीस वर्षं त्या असाच झगा घालत आल्या होत्या, कारण काकांना कधी पायाकडे बघावं लागलंच नव्हतं. आम्हा तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या आणि झगा पेडलवर पसरला. पाय कुठे दिसायला! आत पाय आहे की नाही हेही कळेना.

मी पांढरी दोन धरली. नांगरणीचं गाणं सुरू झालं. ठेका घट्ट, उजवा हात हाका मारतोय, लोक पुढे सरकून ऐकतायत. पाचवी फेरी, सहावी. माझे डोळे त्या काळ्या कापडावर. आता हलेल, आता हलेल. सातव्या फेरीला काकू निघाल्या. मला ऐकू आलं. हो, अगदी स्पष्ट ऐकू आलं, त्या पांढरी तीनवर गेल्या. आणि माझं बोट गोठलं. सा अचल. दोन सूर साठ माणसांसमोर घासायला लागले. काकूंची पाठ ताठ झाली. एक फेरी गेली. कुणी तरी खुर्चीत चुळबुळलं. मला उठून पळून जावंसं वाटत होतं, आणि बोट तेवढं जागचं हलत नव्हतं.

तेवढ्यात समोरून एक आवाज आला. अगदी खालचा, खरखरीत. काकांनी नाकातली नळी काढली होती आणि तोंड मिटून ते पांढरी तीन गुणगुणत होते. डोळे माझ्याकडे नव्हते, बायकोच्या पाठीकडे होते. मी बोट सरकवलं. त्यांचा सूर आणि माझा सूर एक झाला, काकूंची पाठ सैल झाली, गाणं पुढे गेलं. काका तरीही थांबले नाहीत. तीन श्वास, चार श्वास. मग खोकला आला, आणि माझा नवरा त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन गेला.

टाळ्या खूप झाल्या. लोकांना वाटलं, ते गुणगुणणं रचनेतच होतं. आमच्या मंडळातल्या एकीनं मला येऊन सांगितलं, की तो म्हाताऱ्यांचा भाग 'हीप्स', म्हणजे खूपच, छान होता. मला रडू येत होतं आणि तिला कसं कटवावं तेही समजत नव्हतं.

बाहेर पार्किंगजवळच्या बाकावर काका बसले होते. नळी पुन्हा नाकात, चेहरा लाल, आणि लहान मुलासारखे खूश. काकू त्यांच्यासमोर उभ्या, झगा दोन्ही हातांनी वर धरलेला, म्हणजे आता मोजे-बूट सगळं दिसत होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, मी ब्रिस्बेनला जातेय. सहा आठवड्यांनी. दोन महिन्यांपासून ठरतंय आणि मी सांगितलं नाही.

काका म्हणाले, 'मला माहीत आहे.' श्वास घेऊन, 'घर बघायला माणसं येत होती तुमचं. मी दिवसभर खिडकीतच बसतो.'

मी विचारलं, मग मला का ठेवलं?

'राहणारा माणूस नकोच होता मला,' ते म्हणाले. 'राहणारा मिळाला असता, तर ती पुन्हा त्याच्या भरवशावर बसली असती. मीसुद्धा जाणारच आहे.'

काकू त्यांना त्यांच्या भाषेत काही तरी खूप वेळ बोलल्या. रागानं. त्यात रडणंही होतं. मला शब्द कळत नव्हते, पण अर्थ कळायला शब्द लागत नव्हते. तुझ्याशिवाय करायचं होतं आणि शेवटी तूच केलंस, असंच असणार. कारण मग त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, की आज झालं ते झालं नाही. ते मोजायचं नाही. सहा आठवडे म्हणजे मंगळवार किती?

'सहा.'

'ये,' त्या म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी माझ्या घरात अर्धी खोकी भरून झाली होती. पेटी तेवढी बाहेर. एक वाजता गेले, तर काकू भर दुपारी काळा झगा घालून पियानोपाशी बसलेल्या. खिडकीशी खुर्ची होती, शाल होती, काका नव्हते. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी हनुवटीनं आतल्या खोलीकडे खूण केली. दार लावलेलं होतं. ते स्वतःच आत गेले होते आणि आतून कडी घातली होती, म्हणजे मनात आलं तरी पटकन बाहेर येता येऊ नये.

मी खाली बसले, भाता सोडला, पांढरी दोन. काकूंनी सुरुवात केली. झग्याकडे बघायचं नाही म्हणून मी डोळेच मिटले. चार फेऱ्या झाल्या, पाच झाल्या. मला मुळीच उठावंसं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसून बरं वाटत होतं, आणि ते सोडून जायची तारीख मी स्वतःच ठरवून बसले होते. याची मला लाज वाटली, आणि वाईट तर फारच वाटलं. आठव्या फेरीच्या शेवटी डाव्या हाताचा ठेका किंचित रेंगाळला, जसं कुणी उंबऱ्याशी थांबतं. माझं बोट सरकलं. डोळे उघडून पाहिलं, तर मी पांढरी तीनवर होते आणि त्याही तिथेच होत्या.

काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मात्र चालू होते. गाणं संपलं, शेवटचा सूर पूर्ण विझला. आतून खोकला आला नाही, दाराची कडी वाजली नाही. काकू मिटल्या दाराकडे बघत राहिल्या. उठतील आणि दार ठोठावतील असं मला वाटलं. त्या उठल्या नाहीत. नाक पुसलं, झगा सावरला, आणि हात परत पट्ट्यांवर ठेवत म्हणाल्या, 'पुन्हा. पहिल्यापासून.'